फिनिक्स मिलचा मॉल झाला, त्यात गिरणगावाचं नुकसान झालं की नाही?

डिलाईलरोडकर
परवा मुलीला बूट घ्यायला लोअर परळच्या फिनिक्समध्ये नेलं होतं, तिथली ती जुनी उंच चिमणी बघून ती म्हणाली बाबा इथे वीटभट्टी होती का, आणि मला एकदम गलबलून आलं. तिचे पणजोबा याच भागातल्या एका गिरणीत रातपाळी करायचे आणि पोरीला चिमणी कसली तेच माहीत नाही, चूक माझीच. मग तिथेच उभं राहून सांगितलं की १९०५ पासून इथे फिनिक्स मिल होती, कापड निघायचं, भोंगा झाला की तुळशी पाईप रोडला पाय ठेवायला जागा नसायची.

आता माझं म्हणणं. मॉल झाला याचा मला राग नाही, आम्हीपण जातो तिथे. राग आहे तो जमिनीच्या वाटणीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता, गिरणीची जमीन नव्याने विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये सरकारने तो बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची करायची असं ठरवलं. आता गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेडच शेड. गिरण्यांची मिळून ६०० एकरांच्या आसपास जमीन मुंबईच्या मधोमध, आणि लोकांच्या हाती आलं ते चतकोर. २००५ ला हायकोर्टाने हा बदल अडवला होता पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला, संपलं. तुम्हाला काय वाटतं?

ठाणेवाला_७४
दादा भावना समजतात, पण गिरण्या मॉलने मारल्या नाहीत हो. मॉल यायच्या कितीतरी आधी त्या मेल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच नाही कोणी, नुसता विरत गेला. तोवर कापड भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या पॉवरलूमवर निघायला लागलं होतं, तिथे मजुरी कमी, वीज सवलतीत, कामगार कायदे कोण विचारतो. इकडे मालकांनी वर्षानुवर्षं नवी मशिनरी घातली नाही, जुन्याच साच्यांवर, म्हणजे मागांवर, रेटलं. अशी गिरणी परत चालूच झाली नसती. मग त्या जागेत कुलूप आणि उंदीर ठेवायचे का? मॉलमध्ये आज हजारो पोरांना काम आहे, माझा पुतण्या त्यातलाच.

साचेखात्याची लेक
ठाणेवाले दादा, हजारो पोरांना काम आहे हे मान्य, पण ते कसलं काम ते पण बघा ना. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, बदली म्हणून, गैरहजर कामगाराच्या जागी लागले आणि कायम व्हायला सात वर्षं गेली, पण एकदा कायम झाल्यावर पीएफ, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, दिवाळीला बोनस, सगळं होतं. त्या पगारावर आम्ही चार भावंडं शिकलो आणि गावाला आजीला मनीऑर्डर जायची. आमच्या मजल्यावरच्या काकू खानावळ चालवायच्या, वीस-बावीस कामगार जेवायला, पाळीप्रमाणे पंगत, त्यांचं घर त्या वीस डब्यांवर चालायचं. संपात पहिली ती खानावळ बंद पडली. जेवणारेच गावाला गेले, उधारी वहीतच राहिली. गिरणी म्हणजे नुसती गिरणी नव्हती, तिच्यावर खानावळ, वाणी, पानवाला, भजनीमंडळ, एका गावच्या माणसांनी मिळून राहायच्या गावकीच्या खोल्या, सगळं उभं होतं. मॉलवर असं काय उभं आहे सांगा.

हिशोबनीस
एक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहितो, मी बरीच वर्षं आजारी, म्हणजे तोट्यात बुडालेल्या कंपन्यांच्या कागदपत्रांचं काम केलंय. १९९१ चा नियम कागदावर फार चांगला होता, पण त्याने झालं काय? मालकांनी जमीन विकसितच केली नाही, कारण दोन तृतीयांश द्यायची तर कशाला पाडायचं. बऱ्याच गिरण्या आतून दुरुस्त्या करत, शेड तशाच ठेवून त्यात ऑफिसं-दुकानं काढत बसल्या. कामगारांची देणी, ग्रॅच्युइटी, बँकांची कर्जं सगळं अडकलेलं. जमिनीतून पैसा आल्याशिवाय ती देणी फिटणार कुठून? २००१ चा बदल त्यासाठी केला असं तेव्हा सांगितलं गेलं आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

डिलाईलरोडकर
हिशोबनीस साहेब, हा मुद्दा मी खरंच एवढा विचारात घेतला नव्हता, पटतो काही अंशी. पण मग उपाय असा होता का, की मालक हलत नाही म्हणून लोकांचाच वाटा कमी करायचा? मुदत घालता आली असती, कर लावता आला असता. आणि शेड ठेवून आत धंदा काढणं हे फिनिक्सच्या बाबतीत ९० च्या दशकाच्या शेवटी बोलिंग ॲली आली तेव्हाच दिसलं होतं, कामगार संघटनांनी तेव्हा विरोध केला होता. म्हणजे धोक्याची घंटा २००१ च्या आधीच वाजली होती आणि सरकारने ऐकली नाही.

उभीच_असते
मी वाचत होते नुसती, पण कामाचा विषय निघाला म्हणून. मी मुंबईतल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे, नाव नको. दहा तास उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, स्टूल ठेवू देत नाहीत. संध्याकाळी बूट काढले की पायावर मोज्याची रेघ इतकी खोल उमटलेली असते की रात्रीपर्यंत जात नाही. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट, मग एक महिना घरी, मग परत नवीन. ताईंच्या वडिलांना सात वर्षांनी का होईना कायम केलं, आम्हाला तो शब्दच माहीत नाही. तरी एक सांगते, हे काम नसतं तर माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं असतं. मी स्वतःच्या पगारावर बी.कॉम. केलं. आणि गिरणीत बायका किती होत्या शेवटी? फार थोड्या. त्यामुळे मॉल नको होता असं मी कधीच म्हणणार नाही, आम्हाला कायम करा एवढंच म्हणेन.

साचेखात्याची लेक
बाळा, तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर. युनियन करा गं तुम्ही पोरी.

ठाणेवाला_७४
हे वाचून पुतण्याला फोन केला, तोपण अकरा महिन्यांवरच आहे, मला माहीतच नव्हतं. तेवढं मी मागे घेतो. पण गिरणी परत चालली नसती यावर ठाम आहे.

हाजीअली_जवळचा
मॉलमध्ये सगळ्यांना जागा आहे हे पण आपोआप झालेलं नाही बरं का. आमच्याकडे १९९९ ला क्रॉसरोड्स उघडला, देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक, तोपण आधी औषध कारखान्याची जागा. सुरुवातीला आत जायला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं, नाहीतर ६० रुपये तिकीट. १९९९ ला मोबाईल किती जणांकडे होता? ओरड झाली म्हणून तो नियम गेला. नंतर त्याचा सोबो सेंट्रल झाला आणि हळूहळू ओस पडला. म्हणून म्हणतो मॉल म्हणजे कायमचा रोजगार असं कोणी समजू नये, कारखाना गेला, मग मॉल पण गेला. त्यापेक्षा जमिनीवर घरं झाली असती तर माणसं तरी राहिली असती.

हिशोबनीस
घरं अगदीच झाली नाहीत असं नाही. २०१२ ला म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, २०२० ला आणखी ३,८९४.

साचेखात्याची लेक
साहेब, अर्ज दीड लाखाच्या घरात आहेत, त्यात हे आकडे कुठे पुरतात? आणि घर २२५ चौरस फुटांचं. आता म्हणतात शेलू-वांगणीला घ्या. वडिलांनी आयुष्य परळला काढलं, त्यांना कर्जतच्या लोकलला बसवणार का? ते तर गेले २०१६ ला, अर्ज आता आईच्या नावावर आहे.

अर्ज करताना १ जानेवारी १९८२ नंतर कामावर होते याचा पुरावा मागतात. आई रात्रभर पेटी उपसत बसली होती. ईएसआयसीचं कार्ड वाळवीने खाल्लेलं, पीएफची चिठ्ठी सापडेना, शेवटी देव्हाऱ्याच्या मागे वडिलांचा गिरणीचा लाल पास मिळाला, कडा झिजलेल्या, पण तिकीट नंबर, म्हणजे त्यांचा कामगार नंबर, अजून वाचता येतो. तो आईने प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. डिलाईलरोडकर, मुलीला घेऊन या एकदा आमच्याकडे, चिमणीखाली दाखवता येत नाही ते तिच्या हातात देते.

डिलाईलरोडकर
येतो ताई, रविवारी. आईंना विचारून वेळ कळवा.