पुढचं चाक हवेत: व्हीली शिकतानाचे अनुभव

बाइकच्या देखभालीवर गप्पा चालू असताना कुणीतरी मध्येच व्हीलीचा, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर गाडी चालवण्याचा, विषय काढला आणि चेनला कोणतं तेल घालावं हा मूळ प्रश्न विचारणारा बिचारा तसाच राहिला. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी व्हीली शिकली, शिकता शिकता नाद सोडला, दुसऱ्याला शिकवली, किंवा शिकणाऱ्यांच्या गाड्या आणि हाडं जोडून दिली, त्या सगळ्यांनी लिहा. वर गाव आणि गाडी टाका, नावाची गरज नाही. भर रस्त्यात कशी उचलली आणि लोक कसे बघत राहिले, या फुशारक्या इथे नकोत. त्यासाठी रील्स आहेत.

सुरुवात मीच करतो.

पुणे, पल्सर १८०

मित्राच्या मामांची बंद पडलेली वीटभट्टी होती. जमीन सपाट आणि टणक, आजूबाजूला चिटपाखरू नाही. शिकवणारा आमच्यातलाच एक, पण स्वतः पुष्कळ आपटून झालेला, त्यामुळे त्याचा शब्द चालायचा. पहिल्या संध्याकाळी त्याने मला चाक उचलूच दिलं नाही. पहिल्या गिअरवर हळू जायचं, उजवा पाय मागच्या ब्रेकच्या पॅडलवर नुसता टेकवून ठेवायचा आणि तो "दाब" म्हणाला की दाबायचा. कधी समोरून ओरडायचा, कधी मागून, कधी नेमका मी वळत असताना. मी वैतागून विचारलं, अरे उचलायचं कधी? म्हणाला, आधी खाली आणायला शिक.

त्यामागचं कारण मला नंतर कळलं. चाक थोडंच वर असेल तर एक्सलेटर सोडला की खाली येतं. पण गाडी जसजशी उभी होते तसतसं सगळं वजन मागच्या चाकाच्या बरोबर वर जमतं. त्या टप्प्यावर गाडी इतकी हलकी लागते की रेसही फारशी द्यावी लागत नाही. तो टप्पा ओलांडला की मात्र एक्सलेटर सोडून भागत नाही, गाडी स्वतःच्याच वजनाने मागे कलंडते. तेव्हा कामाला येतो तो मागचा ब्रेक. मागचं चाक अडलं की पुढचं झटकन खाली. डोक्याला हे लगेच पटतं, पायाला पटवायला वेळ जातो. कारण घाबरलेला माणूस हँडलला लोंबकळतो, आणि लोंबकळताना उजवी मूठ आणखी पिळली जाते.

लांब मारणं मला अजून जमत नाही. भट्टीच्या चिमणीपर्यंत चाक वर राहिलं तर मी खूश.

कोल्हापूर, आरएक्स १००

वरच्या भावांनी ब्रेकचं लिहिलं ते शंभर टक्के. आमच्या वेळी मात्र शिकवायला कोण नव्हतं, थोरल्या भावाचं बघून शिकलो. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी निघाली, पण आमच्या भागात तिचा नाद काय सुटला नाही. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. कागदावर काहीच नाही. पण गाडीचं वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास आणि इंजिन टू-स्ट्रोक. खालच्या रेसला झोपलेली असते, आवाज बदलला की एकदम अंगावर येते. त्यामुळं नुसता एक्सलेटर पिळून उचलायला गेलं की कधी उठंल आणि किती उठंल याचा भरवसा नाही. क्लचनंच उचलायची.

माळावर पहिला गिअर, माणूस पळंल एवढाच वेग. दोन बोटांनी क्लच अर्धवट ओढायचा, रेस वाढवायची, आवाज चढला की बोटं सोडायची. सगळा क्लच सोडायचा नाही, झटका बसतो. ढुंगण जरा मागं, हात सैल. हातानं ओढून गाडी उठत नसते, उठते ती क्लचनं. हे मी पोरांना दहादा सांगतो तरी ती बैलाचा कासरा धरल्यासारखी हँडल ओढतातच.

अजून एक बारीक गोष्ट. या गाडीला मागं ड्रम ब्रेक आहे, त्याच्या रॉडच्या टोकाला नट असतो. खेळायच्या आधी मी तो नट हातानं फिरवून असा आवळून घ्यायचो की पॅडल जरा दाबलं तरी ब्रेक धरायला लागला पाहिजे. पॅडल निम्म्यापर्यंत मोकळं जात असंल तर वर गेल्यावर पाय शोधत बसतो. आवळल्यावर मागचं चाक हातानं फिरवून बघायचं, घासत नाही ना.

आता गाडी झाकून ठेवलीय. तिला आता सोन्याचा भाव आलाय, उचलून आपटायची छाती होत नाही.

सोलापूर, बुलेट

बुलेटच्या वाटेला कुणी जाऊ नका. लांब गाडी, जड गाडी, वजन खाली. उठत नाही आणि उठली तर त्याहून वाईट.

पण एक सांगतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. मी त्याच गाडीवर वाढलो. नंतर भाच्याच्या पल्सरवर शिकायला बसलो आणि चाक वर गेल्यावर पायाने डावीकडे ब्रेक शोधला. तिथे होता गिअर. भाचा अजून हसतो. ज्यांचे पाय जुन्या गाडीवर घडले असतील त्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगली, गॅरेज

मी मारत नाही. मारून आलेल्या गाड्या माझ्याकडं येतात. कुणीच सांगत नाही की व्हीली मारली म्हणून. "आपोआप झालं" म्हणतात. आपोआप काय काय होतं ते लिहितो.

क्लचप्लेटा पहिल्यांदा जातात. झाकण उघडलं की जळका वास येतो, ऑइल काळं झालेलं असतं. मग फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकपचं, ऑइल सील. पुढच्या नळीवर तेलाचं कडं दिसलं, त्यावर धूळ चिकटली, की समजायचं गाडी वरून आपटलीय. तिसरं म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी डबल स्टँडला लावायची, पुढचं चाक अधांतरी करायचं आणि हँडल एका बोटानं सावकाश इकडून तिकडं फिरवायचं. मधोमध आल्यावर खट्टकन अडकल्यासारखं झालं तर आतल्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. अशी गाडी सरळ रस्त्यावर पण नीट चालत नाही, हँडल स्वतःच मधे जाऊन बसतं. गिऱ्हाईक टायरला नाव ठेवतं.

चेन तर विचारू नका. क्लच झटक्यानं सोडला की सगळा ताण चेनवर. एकीकडं सैल, एकीकडं टाइट होते.

ऑइलचं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी उभी झाली की इंजिनातलं ऑइल मागं जातं. लेव्हल आधीच कमी असंल आणि चाक बराच वेळ वर ठेवलं तर पंप हवा ओढतो आणि वर हेडला ऑइल पोचत नाही. इंजिनाचं काम निघालं की मग "आपोआप".

आपटायचं कमी करायचं असंल तर खाली येताना रेस एकदम शून्य करू नका. थोडी ठेवली की चाक अलगद टेकतं. आणि टेकताना हँडल सरळ पाहिजे. हवेत पुढचा ब्रेक दाबायची काही जणांना सवय असते. बंद चाक जमिनीला टेकलं की काय होतं ते माझ्यापेक्षा खालचे डॉक्टर सांगतील.

नागपूर, हाडांचा डॉक्टर (गाडी: साधी स्कूटर)

बोलावलंच आहे तर लिहितो.

मागे कलंडणारा माणूस हात टेकतो. तळहात जमिनीवर, सगळं वजन मनगटावर. मनगटाजवळचं मोठं हाड मोडलं तर निदान लगेच कळतं, हात वाकडा दिसतो. फसवतं ते स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड. अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी एक खोलगट जागा दिसते. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी मी प्लास्टर घालतो आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायला लावतो. ही फट सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, वेळेत धरलं नाही तर ते जुळतच नाही. मुलं मूव्ह लावून महिनाभर काढतात आणि क्लच ओढता येईना झाला की येतात.

दुसरं माकडहाड. त्याला प्लास्टर नाही, मधे भोक असलेल्या उशीवर बसायचं आणि सहन करायचं. घरचे हसतात, पेशंट हसू शकत नाही.

हेल्मेट घालता हे गृहीत धरतो. हातमोजे तळव्याला जाड पट्टी असलेले घ्या. आणि गाडी गेली तर जाऊ द्या. तिला धरून ठेवणारेच जास्त मोडून येतात.

पुणे, एक्सपल्स २००

मला व्हीली दाखवायला शिकायची नव्हती. २०१९ ला ही गाडी आली तेव्हा मी कच्च्या रस्त्यांवर जायला लागले. वाटेत आडवा ओंडका किंवा मोठा दगड आला की पुढचं चाक तेवढ्यापुरतं हलकं करून वर चढवावं लागतं. त्यासाठी एका डर्ट ट्रॅकवर रीतसर शिकले. तिथे चाक वीतभर उठलं तरी पुरे होतं, आणि माझ्या मते शिकायला हीच जागा योग्य आहे.

मजा अशी की उभं राहून शिकवतात. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे वाकवून पुढचा शॉकप दाबायचा, तो उसळी मारून वर येत असतानाच क्लच सोडायचा. म्हणजे अर्धं काम स्प्रिंग करते. नजर चाकाकडे नाही, लांब समोर. चाकाकडे पाहिलं की अंग पुढे झुकतं आणि चाक उठतच नाही. १८ हॉर्सपॉवरच्या गाडीला हे जुळवून आणावंच लागतं, नुसत्या ताकदीवर ती उठत नाही. ताकदवान गाडीवर शिकलेल्यांचा हा भाग कच्चा राहतो, ट्रॅकवर दिसतं ते.

आणि बाजूला उभे राहून "ताई, अजून रेस" ओरडणाऱ्यांसाठी: शिकवणारा एक असला की पुरतो.

मडगाव, डर्ट बाइक

ताईंशी सहमत. आमच्याकडे चिऱ्याच्या जुन्या खाणी आहेत, तळ सपाट, पण पावसाळ्यात शेवाळ. कोरड्या दिवसांतच जायचं. शर्यतीत उंचवट्यांच्या ओळीवर पुढचं चाक वर ठेवलं नाही तर खड्ड्यात बसतं नि माणूस पुढे फेकला जातो. तिथे व्हीली ही गरज. शोसाठी मारणाऱ्यांची आम्हाला चीड नाही रे, फक्त त्यांनी रस्ता सोडावा.

नाशिक, सायकल

मी आई आहे. मुलगा सोळाचा. मोबाईलवर बघून बघून डोक्यात घेतलं होतं, आणि काकाच्या ड्यूकची किल्ली कुठे टांगलेली असते हे त्याला माहीत होतं.

ओरडून उपयोग नव्हता. यजमान वकील आहेत, त्यांनी त्याला मोटार वाहन कायदा उघडून वाचायला दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी घेऊन गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आईबाबा आत जातील याचं त्याला फारसं वाटलं नाही. पण त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळणार नाही, हे वाचून चेहरा उतरला.

मग त्याला एमटीबी सायकल घेऊन दिली. गुडघ्याला पॅड, हेल्मेट, सोसायटीमागचं मैदान. सीट खाली घेतली, हलका गिअर टाकला, एक पायडल जोरात मारून चाक उचलायचं आणि एक बोट सतत मागच्या ब्रेकवर. तुम्ही सगळे वर लिहिताय तेच. मागे पडला तर सायकल सोडून पायांवर उभा राहतो. आता मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. अठरा पूर्ण झाल्यावर काय करायचं ते तेव्हा बघू.

लेस्टर, इंग्लंड

इथे पैसे भरून एका दिवसात व्हीली शिकवतात, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर. सार्वजनिक रस्त्यावर उचललीत तर धोकादायक चालवण्याचा खटला होऊ शकतो, म्हणून ही सोय. गाडी त्यांची. ठरावीक कोनाच्या वर गेली की इंजिनाची ताकद कापणारं यंत्र बसवलेलं असतं, त्यामुळे पाठीवर पडायची भीती जाते. पण त्यामुळेच मला वाटतं शिकणं थोडं खोटंही होतं. यंत्र वाचवणार हे माहीत असलं की पाय ब्रेकवर राहत नाही. प्रशिक्षकाच्या ते लक्षात आलं, त्याने दुपारनंतर माझं प्रत्येक वेळी ब्रेक दाबूनच खाली आणायचं ठरवून दिलं.

माझ्या स्वतःच्या गाडीत व्हीली कंट्रोल आहे, चाक उठू लागलं की संगणकच रेस कमी करतो. ते मी बंद करत नाही. त्या गाडीचे हप्ते चालू आहेत.

पुणे, पल्सर १८०

जास्तीत जास्त किती लांब जाते असं काहींनी विचारलं आहे. जपानच्या यासुयुकी कुडो यांनी १९९१ मध्ये होंडाच्या टीएलएम२२०आर या हलक्या ट्रायल बाइकवर न थांबता ३३१ किलोमीटर व्हीली मारली होती. त्यापुढे माझी चिमणी बिचारी.

स्कूटरवर शिकता येईल का, हाही प्रश्न आहे. गिअरलेस स्कूटरला हाताचा क्लच नाही, त्यामुळे इथे लिहिलेलं निम्मं लागू पडत नाही. मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो एवढं सोयीचं. पण पुढे सगळं प्लॅस्टिक, आपटलं की खर्च. सांगलीकर, तुम्ही सांगा.

सांगली, गॅरेज

नको. पुढचा पॅनेल फुटला की गिऱ्हाईक म्हणतं कुत्रं आडवं आलं. आणि पल्सरवाले, तुमची चेन एकदा मधोमध बोटानं वरखाली करून बघा, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असंल तर पुढच्या खेपेला आधी ती ताणून घ्या. क्लचची केबल पण बघा, लिव्हरपाशी तार उसवली असंल तर बदला, दीड-दोनशेचं काम आहे.