पायलट संघटनेचा नवा करार आलाय. मत काय द्यावं?

कुर्टीकर

मी फोंड्याजवळच्या कुर्टीचा. एका खासगी विमान कंपनीत अकरा वर्षं पायलट आहे. शेवटची चार कॅप्टन म्हणून, एअरबस ए३२० विमानावर. बेस मुंबई, पण आईवडील, बायको, मुलगी सगळी इथेच.

आमच्या संघटनेच्या कमिटीने व्यवस्थापनाशी तीन वर्षांचा करार ठरवलाय. बारा दिवसांनी मतदान आहे. आम्हाला दोन पानी सारांश मिळाला. पूर्ण मसुदा मागितला तर उत्तर आलं, "सही झाल्यावर सगळ्यांना पाठवू."

सारांशात मोठ्या अक्षरांत आहे ती तासाच्या दरातली २५ टक्के वाढ. त्याखाली लहान ओळ: हमी तास ७० वरून ५०. म्हणजे आज मी महिन्यात ४५ तास उडालो तरी पगार ७० तासांचा मिळतो, पुढे ५० चा मिळेल. कागद घेऊन बसलो. ५० तासांना नवा दर लावला तर जुन्या दराचे साडेबासष्ट तास होतात. ५६ तासांच्या वर उडालो तर फायदा, खाली गेलो तर तोटा. माझ्या लॉगबुकात गेल्या वर्षी चार महिने ५६ च्या खाली आहेत: पावसाळ्यातले दोन, एक सिम्युलेटर आणि वैद्यकीय तपासणीचा, एक चवथीच्या रजेचा. बाकीचे आठ महिने भरपूर उडालो, त्यामुळे वर्षाचा एकूण हिशेब माझ्या फायद्याचाच निघतो. तेही सांगायला हवं. पण किती तास उडायचं हे मी ठरवत नाही, रोस्टर ठरवतं. उद्या विमानं जमिनीवर राहिली किंवा शंभर नवे पायलट घेतले, तर माझे तास कमी होतील. घराचा हप्ता मात्र तेवढाच राहील.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. यंदा शिगम्याला चार दिवस रजा घेतली. रोस्टर पाहिलं तर त्याच चार दिवसांत साप्ताहिक विश्रांतीचे ४८ तास बसवलेले. परत गेल्यावर सलग सहा दिवस ड्युटी, त्यातल्या दोन रात्रीच्या. सहाव्या दिवशी पहाटे उतरताना को-पायलटने उंची सांगितली आणि ती माझ्या डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागला. काही झालं नाही. पण तो क्षण मला अजून आठवतो. विश्रांतीबद्दल सारांशात अवाक्षर नाही.

आता अडचण. आमच्या अध्यक्षांनीच माझं लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवरचं प्रशिक्षण, घेतलं. २०२० मध्ये पगार कापले गेले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणांसाठी ते एकटे वरच्या दारात जाऊन उभे राहिले. माणूस सरळ आहे. पण कमिटीची मुदत गेल्या वर्षीच संपली, निवडणूक झालीच नाही, आणि वाटाघाटी चालू असताना कमिटीतल्या दोघांना व्यवस्थापनात पदं मिळाली. करार पाडावा का? त्याच सभेत नेतृत्व बदलायची मागणी करावी का? संघटना फुटेल ही भीतीही आहे.

पर्वरीचा निवृत्त

बाळा, मी इंडियन एअरलाइन्स या सरकारी विमान कंपनीत बत्तीस वर्षं काढली. २०११ च्या संपात मी होतो. दहा दिवस. मागणी होती आमचा पगार आणि एअर इंडियाच्या पायलटांचा पगार एकसारखा करा. २००७ मध्ये दोन कंपन्या एक केल्या, पण आम्ही पायलट दोन संघटनांतच राहिलो. जुन्या इंडियन एअरलाइन्सवाले आयसीपीएत, एअर इंडियावाले गिल्डमध्ये. आमच्या संपात गिल्डची विमानं उडत होती. पुढच्या वर्षी गिल्ड ५८ दिवस बाहेर बसली, तेव्हा आमची उडत होती. भांडण कशावरून? ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला आधी. दोन्ही वेळा मान्यता काढून घेतली, माणसं बडतर्फ झाली, दोन्ही वेळा प्रकरण कोर्टात गेलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत वीस वर्षं बसलेला मित्र त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

म्हणून सांगतो, करार आणि अध्यक्ष हे दोन विषय एका सभेत आणू नकोस. अध्यक्षांवर बोट ठेवलंस की त्यांची माणसं करार न वाचताच होय म्हणतील. आधी मसुदा माग. लेखी माग. एकट्याने मागू नकोस.

डिचोलीचा एफओ

सर, मी तुमच्या विरुद्ध बाजूने बोलतो. मी एफओ म्हणजे को-पायलट, नोकरीला तीन वर्षं. प्रशिक्षणाचं कर्ज वडिलांच्या नावावर आहे आणि डिचोलीतलं घर बँकेत गहाण. मी दर महिन्याला ७५-८० तास उडतो. मला ७० ची हमी म्हणजे कधीच न वापरलेली छत्री. २५ टक्के मला या महिन्यापासून हवेत. करार पाडला तर पुन्हा टेबलावर बसायला वर्ष जाईल. तेवढ्या व्याजाचं काय? सगळे कॅप्टन "थांबा" म्हणतात, कारण त्यांना थांबणं परवडतं.

कुर्टीकर

तुझं म्हणणं मनापासून पटतं, मीही त्याच कर्जातून गेलोय. पण छत्री पावसाआधी घ्यावी लागते. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीची विमानं रद्द होत होती ते आठव. तिथेही नव्या करारात ७० ऐवजी ४० तासांचा पगार पक्का धरला होता, आणि सगळ्यात जास्त ओरड को-पायलटांचीच होती. मी वाढ नको म्हणत नाही. वाढ राहू दे, हमी ६० वर थांबवा, एवढंच मागतोय.

म्हापशाची वकील

मी कामगार कायद्याचं काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

कुर्टीकर, पहिलं बघा, तुमची संघटना कामगार संघटना म्हणून नोंदलेली आहे की सोसायटी म्हणून. त्यावर तिच्या सहीचं वजन ठरतं. कामगार कायद्यात कंपनी आणि संघटनेने आपापसात केलेला करार ते करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधतो. तुमचा कोणता, हे सारांशातून कळणार नाही. आणि संघटनेच्या घटनेची प्रत काढा. मुदत संपलेल्या कमिटीला सहीचा अधिकार आहे का, ते तिथेच लिहिलेलं असतं.

कोणी "सगळे मिळून एकाच दिवशी रजा टाकू" म्हणालं तर ऐकू नका. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजा हा संपच धरलाय, आणि संपाला नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावं लागतं.

विश्रांतीचं मात्र सोडू नका. रजा ही साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरायची नाही, अशी विमान वाहतूक नियामक डीजीसीएची सूचना होती. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर विमानं रद्द झाली तेव्हा ती मागे घेतली. नियम एका पत्राने ढिला होतो. करारातलं कलम बदलायला तुमची सही लागते.

साखळीची वहिनी

माझे यजमान कॅप्टन आहेत. मोपा विमानतळावर उतरून रात्री दीडला गाडी चालवत घरी येतात, तो रस्ता संपेपर्यंत मी जागी असते. पैशांचं तुम्ही ठरवा. विश्रांतीचं कलम घालूनच घ्या, ही विनंती.

पर्वरीचा निवृत्त

वहिनींनी बरोबर सांगितलं. आणि कुर्टीकर, नोकरी सोडून दाखवीन या धमकीवर विसंबू नकोस. २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची नोटीस आहे, ते व्यवस्थापनालाही ठाऊक असतं.

कुर्टीकर

काय झालं ते कळवतो. पत्र लिहिलं, ६१ जणांनी सही केली. त्यात बावीस को-पायलट. डिचोलीच्या भावा, तुझी सही पाहिली, आभारी आहे. पत्रात अध्यक्षांविरुद्ध एक शब्द नाही, फक्त मसुदा द्या आणि मतदान पुढे ढकला.

त्यांचा रात्री फोन आला. आधी रागावले, "तू सुद्धा?" म्हणाले. मग शिगम्यानंतरच्या त्या पहाटेचं मी त्यांना सांगितलं. हे मी आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, थकवा कळवायचा फटीग रिपोर्टही भरला नव्हता, आणि ती माझी चूक. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "कितवा दिवस होता?"

मतदान दहा दिवस पुढे गेलं. काल मसुदा आला, ४३ पानं. पान १७ वर एकाच वाक्यात लिहिलंय की मंजूर रजेचे दिवस साप्ताहिक विश्रांतीत मोजले जातील. ते पान मी अध्यक्षांना पाठवलं. हे वाक्य त्यांनी वाचलं होतं की नाही, मी विचारलं नाही. सोमवारी मुंबईत कमिटीसमोर बोलायला त्यांनीच मला बोलावलंय. वकीलबाई, घटनेची प्रत मिळालीय, रविवारी म्हापशाला आलो तर अर्धा तास द्याल का?