रोजच्या गोष्टीचं अप्रूप असू शकतं का?

अनुस्वार
एका कथेचा अनुवाद करतेय. त्यातल्या बाईला फुटकळ गोष्टींचा बेसुमार आनंद होतो. नव्या फोनवरची पातळ फिल्म कुठेही न फाटता सलग निघाली की दिवसभर तोंडावर हसू. लिफ्ट नेमकी आपल्याच मजल्यावर उभी असली की स्वारी खूश. मी लिहिलं, 'तिला असल्या गोष्टींचं भारी अप्रूप.' मुद्रितशोधकांनी खाली रेघ मारून समासात लिहिलंय, 'अप्रूप दुर्मीळ गोष्टीचं असतं. लिफ्ट रोज येते.' पटतही नाही आणि खोडताही येत नाही. दुसरा शब्द सुचतो का कुणाला? 'छोट्या गोष्टींत आनंद मानणारी' नको. 'मानणारी' म्हटलं की ती मनाची समजूत काढतेय असं वाटतं. ही आनंद मानत नाही, तिला तो होतो.

पोटफोड्या_ष
मुद्रितशोधक बरोबर आहेत. अप्रूप म्हणजे अपूर्व, पूर्वी न घडलेलं. रोज घडतं ते अपूर्व कसं? 'हरखणे' घ्या. हर्षातल्या ष चा ख झाला, भाषाचं भाखा झालं तसाच. मूळ धातू हृष्, म्हणजे अंगावरचे केस उभे राहणे. तुमच्या बाईला तेच होतंय.

चकटफू
फिल्म काढताना काटा मलाही येतो. चालू द्या.

रिकामटेकडी
हरखणं त्या क्षणापुरतं. अनुस्वारला स्वभाव सांगायचाय, प्रसंग नाही. पेनाचं टोपण 'टक्' करून बसलं तरी आमची आत्या ते पुन्हा काढून पुन्हा बसवायची. त्यावर आईचं ठरलेलं वाक्य, 'हिला मेलं टोपणाचंही कौतुक!' कौतुक का नाही चालणार?

तळटीप
कारण आता कौतुक म्हटलं की शाबासकी आठवते. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, उत्सुकता. 'कौतुकाने बघणे' यात तो अर्थ अजून शिल्लक आहे. तुमच्या आईच्या वाक्यात तो आहेच, वर टोमणाही आहे.

मधली_सुट्टी
टोमण्यावरच बोलायचंय मला. अशा माणसाला मराठीत सरळ शब्दच नाही. हुरळते कोण? मेंढी, आणि जाते लांडग्यामागे. जरा खूश झालात तर अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात. 'आकाश ठेंगणं झालंय' हेसुद्धा बोलणारा दुसऱ्याबद्दल ओठ मुडपूनच बोलतो. आणि अल्पसंतुष्ट ही तर शिवीच.

पोटफोड्या_ष
अल्पसंतुष्ट शिवी कधीपासून झाली? गुण आहे तो.

मधली_सुट्टी
साहेबांनी माझ्या वार्षिक अहवालात लिहिला तेव्हापासून.

अनुस्वार
अल्पसंतुष्ट तसाही नको. तिचा संतोष अल्प नाही हो, निमित्त अल्प आहे. दोन्हींचं माप जुळत नाही, सगळी कथा तेवढ्यावर उभी आहे.

काना_मात्रा
मग 'हौस' आणा की. हौस भागते, पुन्हा लागते, आणि रोजच्या गोष्टीचीही असते. 'तिला टोपणं लावायचीही हौस.'

पोटफोड्या_ष
हौस म्हणजे 'हवस'. अरबीतून फारसीमार्गे आलेला. आपले शब्द असताना तो कशाला?

काना_मात्रा
हवसचा हिंदीत काय अर्थ झाला आणि आपल्या हौसेचा काय, ते बघा. इतका बदलला तो अजून परका? मग खूश, मजा, मौज हेही काढा. मजा म्हणजे फारसीत चव, मौज म्हणजे अरबीत लाट. हे तिन्ही वगळून चार ओळी खुशीत लिहून दाखवा. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा शिवाजी महाराजांचा राज्यव्यवहारकोश दरबाराच्या कारभारासाठी होता, टोपण 'टक्' वाजलं त्यासाठी नव्हे.

पोटफोड्या_ष
सावरकरांचे दिनांक आणि महापौर मात्र बिनतक्रार वापरता.

काना_मात्रा
वापरतो. तारीखही वापरतो. कोर्टात अजून तारीखच पडते, दिनांक पडलेला ऐकला नाही.

पाणिनीचा_शेजारी
उशिरा आलो. एवढी हाणामारी झाली आणि 'सुख' कुणालाच आठवलं नाही? ऋग्वेदात सुख हे रथाचं विशेषण म्हणून येतं. 'ख' म्हणजे भोक, चाकात आस बसतो ते. ते नीट असलं की रथ न खडखडता चालतो, तो सुख. आता अनुस्वारची उदाहरणं परत वाचा. फिल्म फाटली नाही, लिफ्टसाठी थांबावं लागलं नाही. रिकामटेकडींच्या आत्याचं टोपणही पहिल्या दाबात बसलं. अडायला हवं होतं ते कुठे अडलं नाही, एवढंच त्यात आहे. अपूर्व काही घडलेलं नाही. हा आनंद चाकाच्या भोकाचाच आहे, आणि रोज चाक नीट फिरलं तर रोज होणार. 'असल्या गोष्टींनी ती सुखावते' लिहा आणि मोकळ्या व्हा.

तळटीप
जरा थांबा. मोनिअर विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात (1899ची आवृत्ती) ही व्युत्पत्ती 'असं म्हणतात' या थाटात दिली आहे. 'सुस्थ'चं प्राकृत रूप असण्याची शक्यताही तिथेच नोंदवलीय.

पाणिनीचा_शेजारी
रथाचं विशेषण आहे, हे तर मान्य?

तळटीप
रथ मान्य. भोकाबद्दल बोलतोय.

चकटफू
धाग्याला अखेर भोक सापडलं.

रिकामटेकडी
'सुखावते' फार गुळगुळीत आहे. गारवा आला, सुखावली. अनुस्वारच्या बाईत एक खुळेपणा आहे, तो यात कुठे उतरला? मी परत अप्रूपवरच येते. रांगतं मूल दिव्याचं बटण दाबत बसतं तेव्हा आपण म्हणतोच ना, 'त्याला बटणाचं अप्रूप'? बटण काही दुर्मीळ नाही. अप्रूप वस्तूत नसतं, बघणाऱ्यात असतं. आणि व्युत्पत्तीचं एवढं मनावर घेऊ नका. बंगालीत 'अपरूप' म्हणजे विलक्षण सुंदर, संस्कृतात अपरूप म्हणजे विद्रूप.

पोटफोड्या_ष
मुलाला सगळंच पहिल्यांदा दिसतं, त्याला ते अपूर्वच. तुमच्या बाईंचं वय काय?

अनुस्वार
साठीच्या पुढची.

मधली_सुट्टी
झालं. आता 'साठी बुद्धी नाठी' येईल. माझा मुद्दा सिद्ध.

पोटफोड्या_ष
साठीला त्याच गोष्टीचा रोज आनंद होत असेल तर ते अप्रूप नव्हे, नाद. आणि नाद अस्सल संस्कृत आहे.

रिकामटेकडी
नादाला लिफ्टपर्यंत मुद्दाम जावं लागतं. हिला ती नुसती भेटते.

काना_मात्रा
अवांतर विचारतो. आमच्या घरी सगळे 'अप्रूक' म्हणतात. हा 'क' कुठून आला?

पोटफोड्या_ष
अशुद्ध आहे.

काना_मात्रा
असेल. आला कुठून, ते विचारलंय.

तळटीप
कौतुकाच्या शेजारी बसून लागला असेल.

पोटफोड्या_ष
आधार?