एनएसआरएलमध्ये हॅश मॅच झाला म्हणजे फाइल सेफ धरायची का?

शिकाऊ_तपासनीस:
डिजिटल फॉरेन्सिक शिकतोय, प्रॅक्टिसला विंडोज १० ची डिस्क इमेज (डिस्कची हुबेहूब कॉपी) दिलीय, ऑटोप्सी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर फाइलींचा नुसता डोंगर. सर म्हणाले एनएसआरएलचा हॅश सेट लाव (ओळखीच्या सॉफ्टवेअर फाइलींच्या हॅशची, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेल्या ठशांची यादी), लावला, बराच ढीग ओळखीचा म्हणून बाजूला गेला. आता जे मॅच झालं ते डोळे झाकून सोडून द्यायचं का? आणि जे नाही झालं ते सगळं संशयास्पद का? विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या पण काही डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या कोडच्या फाइली) मॅच होत नाहीयेत.

हेक्सवाला:
नाही रे, दोन्ही नाही. एनएसआरएल अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेचं काम, ते सॉफ्टवेअरच्या मूळ कॉपी गोळा करतात, आतल्या प्रत्येक फाइलीचा हॅश काढतात आणि ती कुठल्या प्रॉडक्टमधली ते नोंदवतात, बस. चांगली का वाईट हे ते ठरवतच नाहीत, हॅकिंगची आणि स्टेगॅनोग्राफीची टूल्स पण आहेत त्यात! फोटोत मजकूर लपवणारं टूल संशयिताच्या मशीनवर सापडणं हाच पुरावा असू शकतो आणि तू तेच लपवून पुढे जाशील. आरडीएसचा (एनएसआरएलची हीच हॅशची यादी) एसक्यूलाइट डेटाबेस उघड आणि कुठलं प्रॉडक्ट ते बघ.

रात्रपाळी:
डीएलएलचं म्हणशील तर अपडेटने बदललेली फाइल सेटमध्ये नसली तर मॅच होणारच नाही, एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. लॉग, सेटिंगच्या फाइली, रजिस्ट्री हे तर प्रत्येक मशीनवर वेगळंच असणार. मी तरी त्याच व्हर्जनचं, तेवढेच अपडेट टाकलेलं स्वच्छ विंडोज व्हीएममध्ये (आभासी कॉम्प्युटरमध्ये) घेऊन त्याचा स्वतःचा हॅश सेट बनवतो, खूप कचरा कमी होतो. आणि नावावर जाऊ नकोस, हॅश आतल्या डेटाचा असतो, नाव बदललं तरी तोच राहतो.

शिकाऊ_तपासनीस:
भारी, व्हीएमचं आजच करतो. पण ऑटोप्सी एमडी५ वर (हॅश काढायची जुनी पद्धत) मॅच करतंय, ते तर तुटलंय ना?

हेक्सवाला:
तुटलंय ते कोलिजनच्या बाबतीत, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश येणं, एमडी५ चं २००४ ला आणि शा-१ या दुसऱ्या पद्धतीचं २०१७ ला दाखवलं. पण त्यात दोन्ही फाइली हल्लेखोरच बनवतो. आधीच असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एखाद्या फाइलीशी जुळेल अशी दुसरी फाइल बनवणं वेगळं आणि फार अवघड, ते अजून कोणी प्रत्यक्षात करून दाखवलेलं नाही. ढीग कमी करायला एमडी५ चालेल, रिपोर्टमध्ये मात्र शा-२५६ (जास्त भक्कम हॅश) दे, नव्या आरडीएसमध्ये तो असतोच.