नवा २७ इंची मॉनिटर: अक्षरे धूसर, मध्येच पडदा काळा. मॉनिटर बदलावा, केबल बदलावी की आणखी काही?

शिरोरेघ:

नमस्कार. मी घरी बसून मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. दहा वर्षे जुन्या २२ इंची मॉनिटरवर डोळे फार शिणू लागले, म्हणून गेल्या महिन्यात २७ इंची, २५६० × १४४० रेझोल्यूशनचा (म्हणजे आडव्या ओळीत २५६० ठिपके आणि अशा १४४० ओळी असलेला) मॉनिटर घेतला. संगणक तोच आहे, सात-आठ वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे आणि विंडोज १० आहे. दुकानातून आलेल्या मुलाने जुन्या मॉनिटरचीच केबल (संगणकाकडे पांढरे, स्क्रूचे डीव्हीआय टोक आणि मॉनिटरकडे एचडीएमआय) नव्या मॉनिटरला लावून दिली आणि चित्र दिसल्याबरोबर तो निघून गेला.

अडचणी तीन आहेत. पहिली आणि माझ्या कामाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर अशी की अक्षरे धूसर दिसतात. शिरोरेघ कुठे जाड, कुठे फिकट दिसते, आणि अनुस्वार आहे की पडद्यावरचा ठिपका, हे पाहायला पान मोठे करावे लागते. ऱ्हस्व आणि दीर्घ उकारांचाही घोटाळा होतो, आणि माझ्या कामात तो परवडत नाही. दुसरी अडचण म्हणजे सकाळी संगणक चालू केल्यावर कधीकधी ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते आणि मॉनिटर दोन-तीन वेळा बंद-चालू केल्याखेरीज चित्र येत नाही. तिसरी सांगायला थोडा संकोच वाटतो, पण मी खुर्चीवरून उठले की पडदा क्षणभर काळा होतो. दरवेळी नाही, पण दिवसातून चार-पाच वेळा तरी होतो. घरातले यावर हसतात.

दुकानदाराचे म्हणणे असे की पॅनेलच कमी प्रतीचे आहे, त्यामुळे वरचे पैसे भरून महागडे मॉडेल घ्यावे. मॉनिटर बदलून घेण्याची मुदत संपायला पाच दिवस उरले आहेत. काय करावे, आणि विकत घ्यायचेच असेल तर नेमके काय घ्यावे, याचा कृपया सल्ला द्यावा.

तांब्याची तार:

शिरोरेघ, मॉनिटर परत करण्याची घाई करू नका. मी बरीच वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो, आणि ‘मॉनिटर बिघडला’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळ वेळा मॉनिटर धडधाकट असतो. दोष तारेच्या कोणत्या बाजूला आहे हे आधी ठरवायचे आणि मगच पैसे काढायचे. त्यासाठी दोन साध्या चाचण्या आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

मॉनिटरच्या कडेचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा, म्हणजे ज्यात उजेड कमी-जास्त करतात तो. हा मेनू संगणक काढत नाही, मॉनिटरच्या आतले सर्किट काढते. त्यातली अक्षरे रेखीव असतील आणि मागचा मजकूर तेवढा धूसर असेल, तर पॅनेल निर्दोष आहे. आता संगणकावर प्रिंट स्क्रीन घेऊन ते चित्र फोनवर पाठवा आणि तिथे मोठे करून पाहा. स्क्रीनशॉट ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीतून घेतला जातो, केबलमधून नाही. तो स्वच्छ असेल तर संगणक अक्षरे नीट काढतो आहे. दोन्ही टोके निर्दोष ठरली, तर दोष मधल्या देवाणघेवाणीत आहे.

तुम्ही केबलचे वर्णन केले आहे त्यावरून मला उत्तराचा अंदाज आहे, तरीही चाचण्या कराच. डीव्हीआय हे १९९९ सालचे मानक आहे. त्याच्या एकेरी जोडणीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ (सेकंदाला साडेसोळा कोटी ठिपके), म्हणजे ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढताना) साधारण १९२० × १२०० एवढेच चित्र. डीव्हीआयमध्ये याहून मोठ्या चित्रासाठी तारांचा दुसरा संच असतो. परंतु एचडीएमआयच्या टोकाला त्या तारा जोडायला जागाच नसते, त्यामुळे डीव्हीआय-एचडीएमआय केबल कितीही चांगल्या कंपनीची घेतली तरी ती एकेरीच राहते. तुमच्या मॉनिटरला ६० हर्ट्झला सुमारे २४१ मेगाहर्ट्झ लागतात. मॉनिटर आपली क्षमता संगणकाला कळवतो, संगणक स्वतःची मर्यादा पाहतो, आणि दोघे मिळून १९२० × १०८० वर समेट करतात.

आता १०८० ओळींचे चित्र १४४० ओळींवर ताणायचे म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला एक पूर्णांक एक तृतीयांश ओळ येते. तृतीयांश ओळ पॅनेलवर नसतेच. म्हणून मॉनिटर शेजारच्या ओळींत रंग मिसळून वेळ मारून नेतो. रोमन अक्षरांत हे चटकन खटकत नाही, पण आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर एक आडवी रेघ असते, आणि ती नेमकी या मिसळीत सापडते.

खात्री करून घ्यायची असेल तर सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, असे जा. तिथे डेस्कटॉपचे रेझोल्यूशन आणि प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचे रेझोल्यूशन स्वतंत्रपणे लिहिलेले असते. दोन्ही ठिकाणी २५६० × १४४० असायला हवे.

गॅलरीतला टेबल:

खुर्चीची गोष्ट थट्टेवारी नेऊ नका, ती खरी आहे. गॅसच्या दांड्यावर खालीवर होणाऱ्या खुर्च्यांवरून माणूस उठला किंवा बसला की क्षणिक विद्युतचुंबकीय लहर निर्माण होऊ शकते. केबल ती अँटेनासारखी पकडते, मॉनिटरचा सिग्नलशी मेळ तुटतो आणि तो पुन्हा जुळेपर्यंत पडदा काळा राहतो. डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या मदतीच्या पानांवर खुर्च्यांचा हा प्रकार नोंदवलेला आहे. माझ्याकडे हेच होत असे. मी आधी ड्रायव्हर, मग विंडोज आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड बदलले, आणि नंतर खुर्ची लाकडी केल्यावर प्रश्न मिटला. (कार्ड अजून कपाटात पडून आहे.)

मात्र लाकडी खुर्ची घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. मॉनिटरचा प्लग तीन पिनांचा आहे का, आणि तो दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर लावून बसवला आहे का? तसे असेल तर अर्थिंग तुटलेले आहे. पंख्याचा किंवा ट्यूबलाइटचा खटका दाबल्यावरही पडदा मिटत असेल, तर संशय आणखी बळावतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्या. मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास पूर्ण व्होल्टेज, म्हणजे २३० च्या आसपास, दिसले पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात अगदी थोडे. तीन भोके असलेल्या सॉकेटमध्ये तिसरी तार जोडलेली असतेच असे नाही, हे जुन्या घरांत वारंवार दिसते. दुसरे असे की केबल खुर्चीच्या बाजूने लोंबत असेल तर ती टेबलाच्या मागून फिरवा आणि विजेच्या तारांबरोबर एकत्र बांधू नका.

शिरोरेघ:

दोघांचेही मनापासून आभार. चाचण्या केल्या. मॉनिटरचा मेनू अगदी कोरीव दिसतो आणि फोनवर पाहिलेला स्क्रीनशॉटही स्वच्छ आहे. सेटिंग्जमध्ये दोन्ही ठिकाणी १९२० × १०८० आहे. २५६० चा पर्याय यादीतही नाही. आणि हो, मॉनिटर दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरवरच चालू आहे, कारण एक्स्टेन्शन बोर्ड जुना आहे.

संगणकाच्या मागे पाहिले. वरच्या भागात उभ्या रांगेत एक एचडीएमआय आहे, आणि खाली आडव्या पट्टीवर डीव्हीआय, एक एचडीएमआय आणि एका कोपऱ्याला तिरपा काप असलेले आणखी एक छिद्र आहे. मॉनिटरलाही तसेच छिद्र आहे. कोणती केबल घ्यावी?

तांब्याची तार:

तिरपा काप असलेले ते डिस्प्लेपोर्ट. आडवी पट्टी ग्राफिक्स कार्डाची आहे, वरची उभी रांग मदरबोर्डची. केबल नेहमी खालच्या आडव्या पट्टीलाच लावायची. कार्ड असलेल्या बहुतेक संगणकांत वरच्या एचडीएमआयमधून काहीच येत नाही, आणि ‘नो सिग्नल’च्या तक्रारींतला मोठा वाटा एवढ्याच चुकीचा असतो.

तुमच्यासाठी माझी शिफारस डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट, दीड ते दोन मीटरची साधी केबल. डिस्प्लेपोर्टच्या २०१० सालच्या १.२ आवृत्तीतही ४के चित्र ६० हर्ट्झला जाते, त्यामुळे तुमच्या कामाला ती भरपूर पुरते. मात्र अगदी स्वस्त, बिननावाची केबल घेऊ नका, आणि त्याचे कारण ठोस आहे. डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनेवर वीज असते, आणि मानकानुसार साध्या केबलमध्ये ती पिन दोन टोकांत जोडलेली नसावी. काही हलक्या केबलांत ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि संगणक चालूच न होणे, बंद केल्यावरही दिवा मिणमिणत राहणे असे चमत्कार दिसतात. खोक्यावर व्हेसा या मानक संस्थेच्या प्रमाणपत्राचा उल्लेख असलेली केबल घ्या. काढताना टोकावरचे बटण दाबून काढा. आत दोन आकडे असतात, ओढली तर सॉकेट हातात येते.

काही कारणाने एचडीएमआयच घ्यावी लागली, तर ‘२.० ची केबल’ अशा जाहिरातीवर जाऊ नका. केबलांना आवृत्त्या नसतात, प्रती असतात: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. तुम्हाला हाय स्पीडही चालेल. एचडीएमआयवर रंग फिकट आणि काळा रंग करडा दिसला, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी ‘लिमिटेड’ झाले आहे का ते पाहून ते ‘फुल’ करा. संगणक मॉनिटरला टीव्ही समजून बसला की असे होते.

सकाळच्या ‘नो सिग्नल’चे नक्की कारण इथून सांगता येत नाही, पण नवी केबल लावल्यावर मॉनिटरच्या मेनूत इनपुट ‘ऑटो’ऐवजी डिस्प्लेपोर्ट असे पक्के करा. ऑटोवर मॉनिटर एकेका छिद्रात डोकावत फिरतो, आणि तो दुसरीकडे असताना संगणकाने हाक मारली की चुकामूक होते. ‘डीप स्लीप’ असा पर्याय असेल तर तोही बंद करा. इतके करूनही पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, विंडोज, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडलेले काम जात नाही.

उंबरठा:

याच धाग्यात विचारतो, कारण विषय तोच आहे. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे आणि कार्यालयातल्या मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट. मी दोन्हींना जोडणारी केबल आणली, पण चित्र येत नाही. लॅपटॉपला टाइप-सी आहे, तिला फोनची केबल लावून पाहिली, तीही निरुपयोगी ठरली.

तांब्याची तार:

बाजारात मिळणाऱ्या त्या केबल एकमार्गी असतात: संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट्या दिशेने संकेत आपोआप बदलत नाही. त्यासाठी आत चिप असलेला सक्रिय कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते. टाइप-सीच्या बाबतीत आकारावर जाऊ नका. छिद्राशेजारी इंग्रजी डी आणि पी यांची जोडखूण किंवा थंडरबोल्टची विजेच्या आकाराची खूण असेल, किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड लिहिले असेल, तरच तिथून चित्र बाहेर येते. फोनबरोबर येणाऱ्या चार्जिंगच्या केबलमध्ये चित्राच्या तारा सहसा नसतातच. छिद्र योग्य असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या, कन्व्हर्टरपेक्षा ते सुटसुटीत पडते.

गॅलरीतला टेबल:

शिरोरेघ, एक पुरवणी. मूळ रेझोल्यूशन मिळाल्यावर अक्षरे रेखीव होतील, पण बारीकही होतील. तेव्हा रेझोल्यूशन खाली आणू नका, विंडोजमधले स्केलिंग (अक्षरे किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १२५ टक्के करा. अक्षरे त्यात नव्याने रेखली जातात, ताणली जात नाहीत. मॉनिटरच्या मेनूतला ‘शार्पनेस’ही मधोमध ठेवा. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते आणि अनुस्वाराला उगाच प्रभावळ येते.

शिरोरेघ:

आज सहावा दिवस, म्हणजे बदलून घेण्याची मुदत काल संपली, आणि मॉनिटर माझ्याच टेबलावर आहे. दीड मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल आणली. लावल्याबरोबर यादीत २५६० × १४४० आले. स्केलिंग १२५ टक्के केले. शिरोरेघ आता एकसारखी दिसते, आणि गेल्या आठवड्यात तपासून दिलेल्या एका प्रकरणात माझ्याकडून सुटलेले दोन अनुस्वार काल दिसले. प्रकाशकांना तसे कळवले आहे.

इनपुट पक्के केल्यापासून सकाळी ‘नो सिग्नल’ आले नाही. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडले तेव्हा अर्थची तार आत नुसतीच वळवून ठेवलेली निघाली. ती जोडून घेतली, एक्स्टेन्शन बोर्ड नवा आणला. पडदा मिटणे दिवसातून चार-पाच वेळांवरून दोन दिवसांत एकदा इतके कमी झाले आहे, पूर्ण थांबलेले नाही.

एक नवीन गोष्ट मात्र आढळली. जुना २२ इंची मॉनिटर मी शेजारी जोडून ठेवला आहे. नवा मॉनिटर बटणाने बंद केला की सगळ्या खिडक्या जुन्यावर उड्या मारतात, आणि पुन्हा चालू केल्यावर तिथेच राहतात. हा बिघाड आहे का?

तांब्याची तार:

बिघाड नाही. डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर बंद केला की बऱ्याच मॉनिटरांच्या बाबतीत संगणकाला तो काढूनच नेल्यासारखा वाटतो, म्हणून विंडोज खिडक्या उरलेल्या पडद्यावर हलवते. विंडोज ११ मध्ये खिडक्यांची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. १० मध्ये तसा नाही. तोवर मॉनिटर बटणाने बंद करण्याऐवजी विंडोज आणि एल दाबून संगणकाला कुलूप लावा आणि पडदा आपोआप झोपू द्या. त्यानेही खिडक्या हलल्या, तर मेनूत ‘हॉट प्लग’ किंवा त्या अर्थाचा पर्याय आहे का ते शोधा. काही मॉडेलांत असतो, काहींत नसतो.

गॅलरीतला टेबल:

उरलेल्या मिटण्यासाठी केबलच्या दोन्ही टोकांजवळ फेराइटच्या (अशा लहरी शोषून घेणाऱ्या पदार्थाच्या) चिमट्यासारख्या कड्या बसवून पाहा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुट्या मिळतात. त्याआधी आठवडाभर स्वयंपाकघरातली खुर्ची आणून बसा, म्हणजे नेमके कळेल. पाठ दुखेल, त्याला माझा इलाज नाही.