फिब्युला फ्लॅप निळसर, पण डॉपलर चालू: सकाळपर्यंत थांबायचं का?

रात्रपाळी_रेसिडेंट:
खालच्या जबड्याचा डावा भाग काढून फिब्युला फ्लॅप (पायाच्या फिब्युला हाडाचा त्वचा आणि रक्तवाहिन्यांसकट घेतलेला तुकडा) बसवलाय. साधारण 30 तास झालेत. स्किन पॅडलची (फ्लॅपवरच्या त्वचेच्या तुकड्याची) मागची कड निळसर आहे, दाबून सोडलं की रंग सेकंदाच्या आत परत येतो. सुई टोचल्यावर काळपट रक्त भराभर येतं. डॉपलरवर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) धमनीचा आवाज मात्र स्वच्छ. बीपी 118/70, ड्रेनमध्ये (जखमेत साचणारं रक्त बाहेर आणणारी नळी) आठ तासांत 15 मिली. सकाळच्या राउंडपर्यंत लक्ष ठेवलं तर चालेल का?

शिरा_धमनी:
नाही. आत्ताच कन्सल्टंटना उठवा आणि ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कळवा. हे शिरा तुंबल्याचं चित्र आहे. धमनी बंद पडली असती तर पॅडल फिकट आणि गार झालं असतं, रंग उशिरा परत आला असता आणि सुईला रक्त जेमतेम दिसलं असतं.

डॉपलरवर विसंबू नका. शीर बंद झाल्यावरही धमनीचा ठोका काही तास ऐकू येतो. शिवाय मानेत तो आवाज शेजारच्या कॅरोटिडच्या शाखेचाही असू शकतो.

ओटी तयार होईपर्यंत ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) फीत सोडा (ट्यूब टाक्यांनी धरा), मान सरळ करा, ड्रेसिंग काढा. ड्रेन कमी म्हणून हिमॅटोमा (आत साचलेलं रक्त) नाही असं धरू नका, गुठळीने ड्रेनच बंद झालेला असू शकतो. मान ताणलेली वाटली तर बेडवरच दोन-चार टाके काढा. रंग सुधारला तरी ओटी रद्द करू नका. रक्त साचलेला फ्लॅप रक्त न मिळणाऱ्या फ्लॅपपेक्षा लवकर बिघडतो, आणि उशीर झाला की शीर उघडूनही आतल्या केशवाहिन्यांत प्रवाह येत नाही.

आत बहुधा पेडिकलला (फ्लॅपला रक्त देणाऱ्या धमनी-शिरांच्या देठाला) पीळ किंवा घडी, वरून हिमॅटोमाचा दाब, नाहीतर ॲनास्टोमोसिसमध्येच (रक्तवाहिन्यांच्या शिवलेल्या जोडात) गुठळी सापडते. गुठळी काढून हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सलाइनने धुवायचं. शिरेचा खराब भाग कापून पुन्हा जोडायचं, लांबी अपुरी पडली तर सॅफेनस (पायातल्या) शिरेचा तुकडा. पेरोनियल (फ्लॅपला रक्त देणाऱ्या) धमनीबरोबर सहसा दोन शिरा असतात. दुसरी मोकळी असेल तर तीही जोडून घ्या.

आयसीयू_सिस्टर:
पहिले 24 तास दर तासाला आणि पुढचे 48 तास दर दोन तासांनी रंग, तापमान, रिफिल (दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) लिहायचं, तेही एकाच टॉर्चच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली सुरुवातीचा निळेपणा हमखास सुटतो. सुई 24 नंबरची, कडेला, परफोरेटरपासून (त्वचेला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिनीपासून) लांब. फ्लॅपमधल्या रक्ताची साखर बोटाच्या साखरेशी ताडून बघा. दोन्हींतलं अंतर वाढत चाललं तर काळजीचं.

रात्रपाळी_रेसिडेंट:
कन्सल्टंट निघालेत. तोवर साचलेलं रक्त शोषायला जळवा लावू?

शिरा_धमनी:
मुख्य शीर बंद असताना जळवांवर वेळ घालवू नका. दुरुस्तीनंतर एखादी कड तुंबलेली राहिली तर ठीक. तेव्हा एरोमोनाससाठी (जळवांमधून येणारा जिवाणू) सिप्रोफ्लॉक्सासिन, रोज हिमोग्लोबिन, आणि तोंडात लावताना मागे गॉज, नाहीतर जळू घशात सरकते.

जबडा_पुनर्रचना:
एक भर. कधी मुख्य शीर चालू असते, फक्त परफोरेटर पिळलेला असतो किंवा पॅडल ताणून शिवलेलं असतं. मग हाड जगतं, त्वचा जाते. हाड जगलं म्हणून निवांत राहू नका. पॅडल गेलं की लाळ हाड धरणाऱ्या धातूच्या प्लेटपर्यंत झिरपते, मानेत फिस्टुला (तोंडातून बाहेर जाणारी गळकी वाट) होतो आणि तीच लाळ पेडिकलपर्यंत पोचली तर ॲनास्टोमोसिस फुटू शकतं. मृत त्वचा लवकर काढून पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा स्नायू) फ्लॅपने झाका, तोंडाने खाणं लांबवा, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्ननळी) राहू द्या. रेडिएशन शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं आणि उघड्या जखमेवर ते देता येत नाही.