मदत हवी आहे: सावलीतल्या बागेत फॉक्सग्लोव्ह
नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहतो. मागची बाग उत्तरेकडे, त्यात शेजारच्या बीच झाडाची दाट सावली. तिथे जांभळी फॉक्सग्लोव्ह (घंटेसारख्या फुलांचं झाड) फुलवायची फार इच्छा आहे. जूनमध्ये ट्रेमध्ये बी पेरलं. खसखशीहून बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती न टाकता नुसतं हलकं दाबलं. रोपं सुरेख आली आहेत! फुलं दुसऱ्या वर्षीच येतात, त्याची घाई नाही. पण रोपं आता सप्टेंबरमध्येच जमिनीत लावावीत, की हिवाळाभर कुंडीत ठेवून मार्चमध्ये? बीचच्या मुळांमुळे तिथली माती कोरडी राहते. कुजलेल्या पाल्याचं खत पुरेल का? शिवाय फॉक्सग्लोव्ह मुळापासून बियांपर्यंत विषारी आणि घरात रांगतं बाळ. वाफ्याला जाळी लावणारच आहे, पण आणखी काय काळजी घ्यावी?